बसबार: सिम्युलेशनमध्ये ५५ अंश, टेस्टला ९२, आणि तडकलेले सपोर्ट

बसबार म्हणजे इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये मोठा करंट वाहून नेणारी धातूची पट्टी; तिला धरून ठेवतात ते सपोर्ट. प्रश्न थोडक्यात असा. महाप्यातल्या एका पॅनेलच्या कारखान्यात डिझाइनला असलेल्या तरुण इंजिनिअरने विचारलंय: “मॅडम, तांब्याचा बसबार, १०० × १० मिमी, लांबी ३ मीटर, करंट १६०० अँपिअर. सिम्युलेशनमध्ये बार ५५ अंशांवर थांबतो. टेस्टला बाराच्या मधोमध ९२ आले आणि जॉइंटवर १०४. टोकाकडचे दोन सपोर्ट तडकले. सॉफ्टवेअर मात्र ६५ मेगापास्कलच स्ट्रेस दाखवतंय. वीज, उष्णता, प्रसरण, तिन्ही मी पूर्ण कपल केलंय, म्हणजे एकमेकांवरचा परिणाम धरून सोडवलंय. मेश अजून बारीक करू का?”

नको. मेशला, म्हणजे मॉडेलचे बारीक तुकडे (एलिमेंट) पाडणाऱ्या जाळीला, सध्या हातच लावू नका. तुमचे ५५ अंश कुठून आले ते मला तुमची फाइल न बघताही सांगता येईल, आणि ते कॅल्क्युलेटरवर होतं हीच खरी गंमत आहे.

२० अंशांना तांब्याची रेझिस्टिव्हिटी १.७२४ × १०⁻⁸ ओहम-मीटर. तुमच्या बाराचा छेद १००० चौ. मिमी, म्हणजे दर मीटरला १७.२४ मायक्रो-ओहम. १६०० चा वर्ग करून गुणा: मीटरमागे ४४ वॉट. बाराची बाहेरची पृष्ठभाग मीटरमागे ०.२२ चौ. मी. उष्णता हवेत जाण्याचा गुणांक तुम्ही १० धरला असणार, कारण सगळ्या ट्युटोरियलमध्ये तोच असतो. ४४ भागिले २.२ (१० गुणिले ०.२२) म्हणजे २० अंश. खोलीचं तापमान ३५. झाले ५५. तीन फिजिक्सची कपल्ड मॉडेल आणि पाठकोऱ्या कागदावरची तीन ओळींची आकडेमोड एकच उत्तर देत असतील, तर त्या मॉडेलमध्ये कपलिंग नावापुरतंच आहे. मटेरियल कार्ड (धातूचे गुणधर्म भरतात तो भाग) उघडून बघा, रेझिस्टिव्हिटीसमोर एकच आकडा असेल. तापमानाबरोबर बदलणारा तक्ता नसेल, तर सॉल्व्हर वीस वेळा फिरला काय आणि एकदा फिरला काय, सारखंच.

आता तोच हिशोब नीट करू. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशामागे ०.३९३ टक्क्यांनी वाढतो, आणि हा आकडा २० अंशांच्या पायावरचा आहे. शून्य अंश धरून लिहिलेला गुणांक वेगळा असतो, दोन्हींची सरमिसळ करू नका. ९२ अंशांना रेझिस्टन्स २८ टक्क्यांनी जास्त. तुमचे २० अंश २६ झाले. करंट एसी आहे. ५० हर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ (एसी करंट पृष्ठभागापासून साधारण जेवढ्या खोलीत वाहतो ती) सव्वानऊ मिमीच्या आसपास, त्यामुळे १०० मिमी रुंद पट्टीत करंट कडांकडे सरकतो. शेजारच्या फेजचाही परिणाम असतो. त्यापोटी मी १२ टक्के धरते: २९ अंश. बंद पॅनेलमध्ये पंखा नसताना, चकचकीत तांब्याला १० चा गुणांक मिळत नाही, पावणेसातच्या आसपास मिळतो: ४३ अंश. आणि बाराला खोलीची ३५ अंशांची हवा लागतच नाही. त्याच्याभोवती पॅनेलमधली हवा असते, ती वरच्या भागात सहज ५० वर जाते. ५० अधिक ४३, ९३.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करते. पावणेसात हा आकडा मी तुमचे ९२ माहीत असताना निवडलाय. टेस्टच्या आधी विचारलं असतंत तर मी “५ ते ८” असं म्हटलं असतं आणि बार ८५ पासून ११० पर्यंत कुठेही दाखवला असता. हवेची बाजू इतकीच माहीत असते. म्हणून अशा कामात एक आकडा देणाऱ्यापेक्षा दोन टोकं देणाऱ्यावर माझा जास्त विश्वास.

त्या गुणांकात प्रारणाचा, म्हणजे किरणांच्या रूपात बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा, वाटा किती असतो याकडे फारसं कुणी बघत नाही. चकचकीत तांब्याची उत्सर्जनक्षमता ०.१ च्या आत-बाहेर, काळ्या मॅट रंगाची ०.९ च्या आसपास. या तापमानाला तो फरक गुणांकात जवळपास ७ ची भर घालतो, म्हणजे हवेच्या वाटेइतकीच. बार काळा रंगवणारे जुने लोक उगाच रंगवत नव्हते. यातूनच दुसरी फसवणूक होते: थर्मल कॅमेरा चकचकीत तांब्यावर रोखला की तो तांब्याचं नव्हे, तांब्यात दिसणाऱ्या समोरच्या भिंतीचं तापमान सांगतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या तुकड्यावर कॅमेरा धरा. तुमचे ९२ थर्मोकपलचे (बाराला चिकटवलेल्या तारेच्या तापमापकाचे) असतील असं मी गृहीत धरलंय.

कपलिंगचं म्हणाल तर आधी कोणता रस्ता दुहेरी आणि कोणता एकेरी ते ठरवावं. वीज उष्णता तयार करते, उष्णता रेझिस्टन्स वाढवते, त्याने पुन्हा उष्णता वाढते. हा रस्ता दुहेरी, दोन्ही एकत्रच सोडवायला लागतात. उष्णतेने बार वाढतो, हा रस्ता जवळजवळ एकेरी. तीन मीटरचा बार तीन मिमीने वाढला म्हणून करंटला काय फरक पडणार, हजारात एक! तेव्हा वीज-उष्णता एकत्र सोडवा, आलेलं तापमान उचलून स्ट्रक्चरल मॉडेलवर टाका, बास. अँसिस या सॉफ्टवेअरमधलं सॉलिड २२६ किंवा अबाकस या सॉफ्टवेअरमधली तिन्ही एकत्र सोडवणारी एलिमेंट्स आहेतच, पण बसबारला ती लावणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं. पैसे घालायचे नसतील तर फिनलंडचं एल्मर फुकट आहे, ज्यूल हीटिंग (करंटमुळे होणारं तापणं) त्यात उत्तम होतं. फक्त एका जागी प्रसरणापासून विजेकडे उलटा रस्ता उघडतो. ती जागा म्हणजे जॉइंट. त्यावर पुढे येते.

त्याआधी एक सापळा, कारण तुमच्या पुढच्या मॉडेलमध्ये तुम्ही त्यात पडाल. ट्युटोरियलमध्ये बहुतेक वेळा एका टोकाला व्होल्टेज देतात, दुसऱ्याला शून्य. सूक्ष्म अ‍ॅक्च्युएटरसारख्या गोष्टींना ते बरोबर आहे, तिथे खरोखर व्होल्टेजच ठरलेलं असतं. बसबारचा करंट मात्र पलीकडचा लोड ठरवतो. समजा १६०० अँपिअर यावेत म्हणून थंड बाराच्या हिशोबाने ८३ मिलीव्होल्ट दिलेत आणि मग रेझिस्टिव्हिटीचा तक्ता लावलात. बार ९२ वर गेला की करंट १२५० वर उतरतो आणि उष्णता २२ टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्षात ती २८ टक्क्यांनी वाढायला हवी होती. चिन्हच उलटं! म्हणून टोकाला करंट द्या, दुसरं टोक शून्य व्होल्टला बांधा.

आणि एककं. ही चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळे मोकळेपणाने सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसात, मी मिमी-टन-सेकंद या पद्धतीत मॉडेल बांधलं होतं. त्या पद्धतीत शक्तीचं एकक मिलिवॉट होतं, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर मात्र वॉटच राहतो. हजाराचा फरक. माझा बार ३५.०२ अंशांवर स्थिरावला. मी तो रंगीत प्लॉट छापून साहेबांपुढे ठेवला आणि वर “तांबं खूपच ओव्हर-डिझाइन झालंय, निम्मं करता येईल” असंही म्हणाले. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मग पॅनेलला हवा खेळायला लूव्हर्स कशाला ठेवलेत आपण, शोभेला?” तेव्हापासून कुठलीही कपल्ड रन लावण्याआधी मी हातचा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. मीटर-किलो-सेकंदमध्ये काम करा, शून्यं जास्त लिहावी लागली तरी चालेल.

आता प्रसरण. तुमच्या ६५ मेगापास्कलचा उगमही कळतो. दोन्ही टोकं पक्की बांधलीत, संदर्भ तापमान सॉफ्टवेअरने स्वतःहून दिलेलं २२ तसंच राहू दिलंत, ५५ वजा २२ म्हणजे ३३ अंश. तांब्याचं प्रसरण अंशामागे लाखात १.७, ताठरता ११५ गिगापास्कल. गुणाकार ६५ च्या आत-बाहेर येतो. पण तुमचा बार २२ अंशांना बसवला होता का? मेच्या दुपारी महाप्याच्या शेडमध्ये फिटरने बोल्ट आवळले तेव्हा तांबं ३० तरी असणार. संदर्भ तापमान म्हणजे बोल्ट आवळले त्या क्षणाचं बाराचं तापमान, दुसरं काही नाही. ३० पासून ९२: बासष्ट अंश. मोकळा सोडला तर बार ३.१६ मिमी वाढेल. दोन्ही टोकांना पक्का धरला तर १२१ मेगापास्कल, आणि १००० चौ. मिमी छेदावर १२१ किलोन्यूटन. बारा टनांच्या वर!

हा आकडा बघून दोन गोष्टी मनात यायला हव्यात. पहिली: डीएमसीचा (काचतंतू मिसळून साच्यात घडवलेल्या प्लॅस्टिकचा) सपोर्ट आणि २ मिमीचा पत्रा बारा टनांना उभा राहणार नाही, म्हणजे बार पक्का धरलेला नाहीच. ‘फिक्स्ड’ ही बाउंडरी कंडिशन सॉफ्टवेअरमध्ये सापडते, पॅनेलमध्ये सापडत नाही. टोकाचा आधार खरोखर किती ताठ आहे ते स्प्रिंग म्हणून घाला. समजा एक टोक पक्कं आणि दुसरं मिलिमीटरमागे ५ किलोन्यूटन देणारं. बाराची स्वतःची ताठरता मिमीमागे ३८ किलोन्यूटन. दोन्ही एकापुढे एक आले की जोर १२१ वरून १४ वर उतरतो. एका आकड्याने नऊपट फरक! तुमच्या स्ट्रेसच्या उत्तरात बाकी कशाचाच इतका वाटा नाही. ती ताठरता कशी मिळवायची? चौकटीचं वेगळं साधं मॉडेल करून टोकाला एक किलोन्यूटन लावा, किती सरकतं ते बघा. आणि हो, चौकटही तापते, तिचं पोलादही अंशामागे लाखात १.२ ने वाढतं. बाराला ती थोडी सोबत करते.

दुसरी गोष्ट: दाबाखालची सडपातळ पट्टी सरळ राहत नाही. १० मिमी जाडीची पट्टी, सपोर्टमधलं अंतर ५०० मिमी, सपोर्टवर ती जराशी फिरू शकते असं धरा. ऑयलरच्या सूत्राने (सडपातळ दांडा किती दाबाला वाकतो ते सांगणाऱ्या) ती जेमतेम १९ अंश तापल्यावरच बाजूला वाकायला लागते. गंमत म्हणजे या आकड्यात धातूची ताठरता येतच नाही, ती दोन्हीकडून कटते. उरतं ते फक्त जाडी, अंतर आणि प्रसरण. तुमचं मॉडेल लिनिअर स्टॅटिक आहे, त्याला वाकणं माहीतच नाही. ते बार सरळ ठेवून निमूट दाब वाढवत राहतं. प्रत्यक्षात बार वाकतो, सपोर्टला आडवा ढकलतो, आणि डीएमसीसारखा ठिसूळ माल आडव्या जोराने मुळाशी तडकतो. तुमचे तडे मुळाशीच आहेत ना? तुम्ही पाठवलेल्या फोटोत नीट दिसत नाही.

हे मी स्वतः एकदा ऐकलंय. ऐकलंय म्हणते, कारण आधी आवाज आला. रबाळ्यातल्या एका शेडमध्ये टेस्ट लावून आम्ही चहा घेत होतो, पॅनेलमधून ‘टक्’ असा वाटाणा फुटल्यासारखा आवाज झाला. कळव्याहून येणारे जुने फिटर काका होते. त्यांनी कप खाली ठेवला, टॉर्च घेऊन काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, “बाराला पोट आलंय.” पंधरा मिनिटांनी दुसरा टक्. त्या ओळीत सगळे सपोर्ट गोल भोकांचे आणि घट्ट आवळलेले होते. काकांनी पुढच्या पॅनेलला मधला एकच सपोर्ट पक्का ठेवला, बाकीच्यांना लांबट भोकं केली आणि टोकाला पत्र्यांच्या थरांची फ्लेक्सिबल लिंक घातली. मधून दोन्हीकडे दीड-दीड मिमी सरकायला जागा. टक् बंद. मी नंतर त्याचं मॉडेल केलं, पण उपाय त्यांचा.

ठाणे-वाशी लोकलने येत असाल तर खालच्या लांब जोडलेल्या रुळांचंही समीकरण हेच आहे. मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळात दर अंशामागे साधारण १८ किलोन्यूटनचा दाब साठतो, आणि तो बाजूला वाकू नये म्हणूनच स्लीपर आणि खडी त्याला आडवं धरून ठेवतात. आपल्याकडे खडी नाही, म्हणून आपण बाराला सरकू देतो.

आता जॉइंट, जो तुमच्या मॉडेलमध्ये बहुधा अखंड तांबं आहे. तुमच्या टेस्टने तिथे १०४ दाखवले, बाराच्या मधोमधपेक्षा १२ जास्त. या १२ अंशांवरून जॉइंटचा रेझिस्टन्स काढता येतो. जॉइंटमध्ये तयार झालेली जादा उष्णता दोन्ही बाजूंच्या बारात शिरते आणि वाटेत हवेत जाते. वर धरलेल्या गुणांकाला ती सुमारे अर्धा मीटर पोचते, आणि एका अंशाच्या फरकाला दीड वॉट नेते. म्हणजे १२ अंशांसाठी १८ वॉट. १६०० च्या वर्गाने भागलं की ७ मायक्रो-ओहम. म्हणजे तो जॉइंट एकटाच गरम बाराच्या तीसेक सेंटीमीटरइतकी उष्णता तयार करतोय. वाईट नाही, पण सुधारता येईल. हाच जॉइंट २५ मायक्रो-ओहमवर गेला तर एका जागी ६४ वॉट, आणि तापमान बारापेक्षा ४२ अंशांनी वर, १३४. खाडीच्या दमट हवेत उघडं तांबं फार दिवस चांगलं राहत नाही, म्हणून जॉइंटवर कथिलाचा मुलामा द्यावा, निदान घासून ग्रीस लावून लगेच आवळावं.

मॉडेलमध्ये दोन पट्ट्यांच्या मध्ये कॉन्टॅक्ट घाला आणि त्याला मोजलेला रेझिस्टन्स द्या. प्रसरण विजेकडे परत येतं ते इथे. पोलादी बोल्ट लाखात १.२ ने वाढतो, तांबं १.७ ने, अ‍ॅल्युमिनियम २.३ ने. १०-१० च्या दोन पट्ट्या धरणारा एम-१२ बोल्ट नीट आवळला की जवळपास ४० मायक्रॉन ताणलेला असतो. साठेक अंश तापल्यावर तांब्याचा थर बोल्टपेक्षा ६ मायक्रॉन जास्त फुगतो, अ‍ॅल्युमिनियमचा १३. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या जॉइंटमध्ये गरम असताना बोल्टचा ताण एक तृतीयांशाने चढतो. मऊ अ‍ॅल्युमिनियम त्या दाबाखाली हळूहळू दबतं, आणि थंड झाल्यावर बोल्टचा ताण आधीपेक्षा कमी भरतो. पुढच्या वेळी रेझिस्टन्स थोडा जास्त, तापमान थोडं जास्त, दबणं थोडं जास्त. काही महिन्यांनी साइटवरून फोन. बोल्टखाली बेलव्हिल वॉशर (बशीच्या आकाराचे स्प्रिंगसारखे वॉशर) घालतात ते हे चक्र तोडायला. तांब्यात हे फार सौम्य आहे, तुमच्या केसमध्ये जॉइंटला ठरावीक आकडा पुरेल. अ‍ॅल्युमिनियमवर जाणार असाल तर मात्र पुन्हा लिहा.

मेशचं विचारलंत म्हणून एवढंच: जाडीत एकच लिनिअर ब्रिक ठेवू नका, वाकताना ते खोटं ताठ होतं. विस्थापनाला क्वाड्रॅटिक एलिमेंट घ्या, तापमानाला लिनिअर चालतं, आणि आतल्या धारदार कोपऱ्यावरचा लाल ठिपका मेश बारीक करत गेलात की वाढतच जाईल, त्याला घाबरू नका. एसीची प्रत्येक लाट टाइम-स्टेपने सोडवू नका, आरएमएस (तितकीच उष्णता देणारा स्थिर करंट) द्या. अशा बाराचा थर्मल टाइम कॉन्स्टंट, म्हणजे अंतिम तापवाढीच्या सुमारे ६३ टक्के गाठायला लागणारा वेळ, ४० मिनिटांच्या आसपास असतो. तासाभराने घेतलेलं रीडिंग अंतिमपेक्षा ९ अंशांनी कमी भरतं, म्हणूनच आयईसी ६१४३९ या पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये तापमान तासाला एका अंशापेक्षा कमी बदलेपर्यंत थांबायला सांगितलंय. उलट शॉर्ट सर्किटला, ५० किलोअँपिअर एक सेकंद, हा बार फक्त १६ अंशांनी तापतो. तिथे सपोर्ट तुटले तर ते चुंबकीय जोराने, प्रसरणाने नाही.

सध्या एकच करा. पॅनेल अजून उघडलं नसेल तर बोल्टना पाना लावायच्या आधी १०० अँपिअर डीसी सोडून प्रत्येक जॉइंटवर मिलीव्होल्ट मोजा. ७ मायक्रो-ओहमला ०.७ दिसायला हवेत, आणि मोजमापात जॉइंटच्या लांबीचं तांबं येतं ते वजा करायला विसरू नका. फिटर “आधी एकदा आवळून घेतो” म्हणेल, त्याला थांबवा. एकदा आवळलं की टेस्टच्या वेळचा जॉइंट परत मोजता येणार नाही.